टिफ्रॅकचा इतिहास जमवताय? आधी माणसं गाठा

'भारतीय संगणकाचा संपूर्ण इतिहास' लिहायचा तुमचा उत्साह छान आहे, पण ते डोक्यातून काढा. एकच धागा धरा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली पूर्ण चालू झाला. तेव्हाची तरुण मंडळी आज नव्वदीत आहेत, म्हणून कागदपत्रं नंतर.

'तुमचं योगदान सांगा' असं विचारू नका, भाषण ऐकावं लागतं! टिफ्रॅकनंतरच्या काळात संगणकावर काम केलेल्यांना विचारा, पंच कार्डांचा (भोकं पाडून प्रोग्रॅम नोंदवलेल्या जाड कागदी कार्डांचा) गठ्ठा हातून पडला तर काय करायचात? मग कळतं, गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ मारून ठेवायचे. रेघ जुळली की क्रम लागला.

नेहमीच्या चुका:

- जुनं यंत्र आणून लगेच वीज जोडणं. मी केलंय, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुटला, वास दोन दिवस हटला नाही.
- फोटोतली नावं 'नंतर' विचारणं. तिथेच, मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा.
- 'भारतातला पहिला संगणक' असं ठोकून देणं. कलकत्त्याच्या आयएसआयमध्ये (भारतीय सांख्यिकी संस्था) १९५५ सालीच ब्रिटिश बनावटीचा एचईसी-२एम हा संगणक आला होता. टिफ्रॅक इथे बांधला गेला, हे त्याचं वेगळेपण.

रेकॉर्डिंगची परवानगी लेखी घ्या, त्याच रात्री दुसरी प्रत काढा. जमवलेल्या साहित्याची सूची कशी करायची ते पाच मुलाखती झाल्यावर मला विचारा.