एनट्रीच्या शनिवारी घोडा कसा काढायचा? वाचकांचे प्रश्न

एप्रिल आला की माझ्या टपालाचा विषय ठरलेला. लिव्हरपूलच्या एनट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल ही घोड्यांची उड्यांची रेस धावते, आणि वर्षभर घोड्याचं तोंडही न पाहणारी माणसं त्या शनिवारी पाच पौंड बाजूला काढून ठेवतात. आलेल्यांतले काही प्रश्न घेतले आहेत. "बाकी सोडा, नाव सांगा" असं लिहिणाऱ्यांनी थेट शेवटाकडे जावं, पण तिथेही त्यांचं फारसं समाधान होणार नाही.

चाळीस वर्षं पुणे-मुंबईच्या रेस पाहतोय. ट्रॅकवर्कची टायमिंग, ड्रॉ आणि जॉकी पाहून घोडा काढतो. उड्यांच्या रेसला हेच गणित लागू पडतं का? (पुणे कॅम्प)

निम्मं गणित घरी ठेवून या. ड्रॉ, म्हणजे घोडा कुठल्या स्टॉलमधून सुटणार ती चिठ्ठी, नाहीच, कारण इथे स्टॉल नसतात. घोडे एका टेपमागे उभे राहतात आणि टेप उडाली की सुटतात. सकाळच्या कामाच्या वेळाही आपल्याकडच्यासारख्या छापून येत नाहीत. आपली इंडियन डर्बी 2400 मीटरची. नॅशनल जवळजवळ 6.9 किलोमीटरची, त्यात 30 उड्या, आणि शेवटच्या उडीनंतर साडेचारशे मीटरची सरळ धाव उरतेच. महालक्ष्मीवर शेवटच्या दोन फर्लाँगांत घोडा किती वेगाने येतो ते बघायचं. इथे आधी तो पोहोचतो का ते बघायचं.

म्हणून रेसबुकात आकड्यांआधी अक्षरं वाचा. घोड्याच्या नावाशेजारी मागच्या रेसचे नंबर असतात, सर्वांत ताजा उजवीकडे. त्यांच्यात मध्येच अक्षर दिसेल. 'एफ' म्हणजे घोडा पडला. 'यू' म्हणजे घोडा उभा राहिला, जॉकी खाली गेला. 'पी' म्हणजे दमला म्हणून किंवा काही बिघडलं म्हणून जॉकीने थांबवला. 'बी' म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हा आडवा झाला. या 'बी'चा दोष घोड्यावर टाकू नका, पण बाजार टाकतो, आणि तिथे कधीकधी भाव चांगला मिळतो. मला सर्वांत नको असतो तो लागोपाठ दोन 'पी' असलेला घोडा. पडलेला घोडा पुढच्या वेळी नीट उडी मारूही शकतो, मन उडालेला घोडा मात्र क्वचितच परत येतो.

जॉकी पाहायची तुमची सवय मात्र सोडू नका. 2025 मध्ये निक रॉकेटवर पॅट्रिक मलिन्स होता. तो हौशी रायडर आहे, पण त्या 'हौशी' शब्दाने फसू नका. ट्रेनर विली मलिन्स हे त्याचे वडील, आणि हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय. 33/1 चा भाव होता, म्हणजे जिंकल्यास एका पौंडाला तेहतीस. मी घेतला नव्हता.

काका, आमच्या ऑफिसात स्वीपस्टेक आहे, त्यात चिठ्ठी काढून घोडा मिळतो. पण मला वेगळे दहा पौंडही लावायचे आहेत. 'ईच-वे' लावू का नुसतं विन? (लेस्टर)

ईच-वे लाव. 34 घोड्यांच्या रेसमध्ये नुसतं विन लावणं म्हणजे हट्ट.

हिशेब असा. पाच पौंड ईच-वे म्हणजे दहा पौंड जातात: पाच विनला (पहिला आला तर), पाच प्लेसला (पहिल्या काही घोड्यांत आला तर). समज, तुझा घोडा 20/1 आहे आणि प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा मिळतो, म्हणजे 4/1. घोडा तिसरा आला तर विनचे पाच गेले, प्लेसचे वीस आणि वर मूळ पाच परत आले. हातात पंचवीस. जिंकला तर विनचे 105 आणि प्लेसचे 25, एकूण 130. इतक्या घोड्यांच्या हँडिकॅपला (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात ती रेस) नेहमीचा नियम चार प्लेसचा, पण नॅशनलच्या दिवशी गिऱ्हाईक ओढायला बरेच बुकी पाच-सहा प्लेस देतात. दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी विचार: किती प्लेस, आणि भावाचा चौथा हिस्सा की पाचवा. भाजी घेताना जुडी किती रुपयांना विचारतो, तितकं सहज.

आणि 4/1, 5/1 च्या फेवरिटला, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्याला, ईच-वे लावू नकोस. प्लेसला हातात काही उरत नाही.

चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात, मग तो हरला तर दोष कुणाचा? आणि वजनाचा खरंच एवढा फरक पडतो? (नाशिक)

हँडिकॅप हीच नॅशनलची गंमत. हँडिकॅपरचं, म्हणजे वजनं ठरवणाऱ्याचं, स्वप्न असं, की चौतीसच्या चौतीस घोडे एका रेषेत पोहोचावेत. सर्वांत वरच्या घोड्याच्या पाठीवर 11 स्टोन 12 पौंड, म्हणजे जॉकी आणि खोगीर धरून 75 किलो.

फरक पडतो का, याचं उत्तर 1973 च्या रेसमध्ये आहे. तिची जुनी चित्रफीत मिळते, जरूर पाहा. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियन घोडा 12 स्टोन घेऊन धावत होता. त्याने पहिल्या फेरीतच बाकीच्यांना इतकं मागे टाकलं, की कॅमेऱ्यात तो एकटाच दिसतो. शेवटची उडीही त्याने आघाडीवर राहूनच मारली. मग त्या लांब सरळ धावेत त्याचे पाय जड होत गेले. दारू प्यायलेला माणूस चालतो तसा तो बाजूला झुकायला लागला. मागून रेड रम आला. त्याच्यावर क्रिस्पपेक्षा 23 पौंड, म्हणजे साडेदहा किलो कमी. अगदी शेवटच्या काही ढांगांत त्याने क्रिस्पला गाठलं आणि घोड्याच्या पाऊण लांबीने जिंकला. रेड रमचं कौतुक करायचं तेवढं करा, पुढे 1974 आणि 1977 मध्येही तोच जिंकला. पण ती पहिली रेस मी वजनाचीच मानतो.

हल्ली मात्र चित्र बदलतंय. कमी दर्जाच्या घोड्यांना आता या रेसमध्ये जागाच मिळत नाही, त्यामुळे वरच्या आणि खालच्या घोड्यांतलं अंतर आटलंय. 2025 मध्ये सर्वांत जड असलेला आय अ‍ॅम मॅक्सिमस दुसरा आला. "वरचं वजन म्हणजे बाद" ही जुनी टिप आता फेकून द्या.

हवामान खात्याने पाऊस सांगितलाय. निवड बदलावी का? (रेडिंग)

किती पाऊस, त्यावर. एनट्रीवाले पाणी देऊन जमीन थोडी मऊ ठेवतात. 'गुड टू सॉफ्ट' (चांगली, जराशी मऊ) लिहिलं असेल तर काही बदलू नका.

जमीन 'हेवी', म्हणजे चिखलाची, झाली तर सगळंच बदला. 2001 मध्ये इतका चिखल झाला होता की 40 घोडे सुटले आणि चार पोहोचले, त्यातल्या दोघांवर जॉकी पडल्यानंतर पुन्हा चढले होते. तेव्हा ते चालायचं, आता नियमाने बंद आहे. रेड मॅरॉडर जिंकला, तोही जवळपास चालतच आला म्हणायचा.

शुक्रवारी ट्रॅकवर जाता आलं तर मी छत्रीचं टोक जमिनीत खुपसून पाहतो. अधिकाऱ्यांकडे त्यासाठी आकडा देणारं यंत्र असतं, पण आपली छत्रीही पुष्कळ सांगते. टोक सहज आत गेलं आणि काढताना 'च्यक' असा आवाज आला, तर मी हलक्या चालीचे, टापा उचलून नाचत जाणारे घोडे खोडतो आणि मोठ्या टापांचे, मान खाली घालून ओढत नेणारे घोडे वर घेतो. कोकणातल्या पेरणीच्या दिवसांत कुठला बैल घ्याल, तसाच विचार.

माझ्या मुलीने विचारलं, "घोड्यांना हे आवडतं का?" मला उत्तर देता आलं नाही. (रत्नागिरी)

मलाही पूर्ण देता येत नाही. जॉकी पडल्यावरही काही घोडे मोकळ्या पाठीने बाकीच्यांबरोबर उड्या मारत राहतात, हे मी पाहिलंय. पण घोडे मरतात, हेही पाहिलंय. 2023 मध्ये हिल सिक्स्टीन पहिल्याच उडीला गेला. त्या दिवशी निदर्शनांमुळे रेस उशिरा सुटली होती. त्यानंतर 2024 पासून घोड्यांची संख्या 40 वरून 34 वर आणली, पहिली उडी सुरुवातीच्या रेषेजवळ घेतली म्हणजे घोडे भरधाव वेगात तिच्यावर आदळू नयेत, आणि अकराव्या अडथळ्याची उंची कमी केली. अडथळ्यांच्या आतलं लाकूड तर त्याच्या कितीतरी आधीच काढून लवचीक साहित्य घातलंय. वर दिसतात त्या हिरव्या स्प्रूसच्या फांद्या. 2024 मध्ये एकही घोडा पडला नाही. पण 2025 मध्ये तेरा वर्षांचा सेलेब्र दालेन रेसमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी गेला. मुलीला दोन्ही सांगा. तिने पाहायचं नाही ठरवलं तर आग्रह करू नका.

सांगलीत बसून परदेशी अ‍ॅपवर लावता येईल का?

नाही. आपल्या कायद्यात ते बसत नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायची कुठे? रेस बघा, मित्रांत चहा लावा.

आता नावं!

अंतिम यादी रेसच्या दोन दिवस आधी लागते. त्याआधी नाव देणारा टिपस्टर आणि मुहूर्त न पाहता लग्नाची पत्रिका छापणारा यांत मला फरक दिसत नाही. पण यादी हातात आली की मी कसा खोडत जातो ते सांगतो.

तीन मैलांच्या वर कधीच न जिंकलेला घोडा पहिला जातो. मग वर्षभरात पडलेला, मग लागोपाठ 'पी'वाला. उरतात दहा-बारा. त्यांत फेब्रुवारीत आयर्लंडच्या फेअरीहाउसला बॉबीजो चेस या रेसमध्ये कोण होतं ते बघतो. आय अ‍ॅम मॅक्सिमस तिथे जिंकून 2024 ची नॅशनल जिंकला, निक रॉकेट तिथे जिंकून 2025 ची. दोन वर्षांवरून नियम होत नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका मी श्रीमंत नाही. वयाचं फार मनावर घेऊ नका. सात वर्षांचा घोडा जिंकत नाही असं 1940 पासून म्हणत होते. 2022 मध्ये नोबल येट्सने 50/1 ला ते मोडलं. आधीच्या वर्षी जिंकला म्हणून आंधळेपणाने घोडा घेणं मीही सोडलं. 2024 मध्ये कोराच रॅम्बलरवर माझे वीस पौंड होते. चहाचा कप तोंडाला लावला, आणि पहिल्याच उडीला त्याचा जॉकी गवतावर बसलेला दिसला.

त्या दिवसाच्या बाकी रेसही बघा, पैसे खरं तर तिथे सोपे असतात. त्या मिल्डमे कोर्सवर होतात. तो सपाट आहे, वळणं अरुंद. मार्चमध्ये चेल्टनमच्या रेसकोर्सवर शेवटच्या चढावर दमून चौथा-पाचवा आलेला, पण दोन उड्या आधीपर्यंत मजेत धावणारा घोडा मी इथे शोधतो. तीन मैलांच्या लिव्हरपूल हर्डलला (बुटक्या अडथळ्यांची रेस) हे बऱ्याचदा जमतं. उलट, चेल्टनमला जीव काढून जिंकलेला फेवरिट तीन-चार आठवड्यांत पुन्हा येतो, तेव्हा पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात) त्याच्या मागच्या पायांमधला घाम बघा. साबणासारखा पांढरा फेस दिसला तर पाकीट परत खिशात. दोन मैलांच्या मॅगल नोव्हिसेस चेसला (नवख्या घोड्यांची, मोठ्या अडथळ्यांची रेस) मात्र मी फार डोकं चालवत नाही: पहिल्या उडीपासून पुढे पळणारा घोडा घेतो, कारण त्या वळणांवर मागून येणाऱ्याला वेळच मिळत नाही.

यादी गुरुवारी लागली की माझे दोन घोडे या सदरात देईन, भावासकट. लेस्टरच्या पुतणीला आधी कळवतो. तिच्या ऑफिसात चिठ्ठ्या शुक्रवारी निघणार आहेत म्हणे.