इराणची १९७९ची क्रांती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी यांची राजवट कशी कोसळली, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : तेलाचा एवढा पैसा येत असलेल्या देशात लोक राजाविरुद्ध का उठले? उपासमार तर नव्हती.

उपासमार नव्हती, हे खरे. क्रांती भुकेपोटीच होते ही आपल्याकडची रूढ समजूत इराणला लागू पडत नाही. १९७३च्या अखेरीस काही महिन्यांतच तेलाचे भाव चौपट झाले आणि सरकारने तो पैसा इतक्या घाईने खर्च केला की महागाई भडकली व घरभाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. १९६३पासून शहांनी राबवलेल्या ‘श्वेत क्रांती’ या सुधारणा कार्यक्रमातील जमीन सुधारणांमुळे अनेक कुळांना जमीन मिळाली खरी, पण बहुतेकांना पोट भरेल एवढी नव्हे, आणि शेतमजुरांच्या हाती तर काहीच आले नाही. ही माणसे शहरांकडे लोटली. १९५६मध्ये सुमारे १५ लाख वस्तीचे तेहरान १९७६पर्यंत ४५ लाखांवर गेले. १९७७मध्ये नव्या पंतप्रधानांनी खर्चाला कात्री लावली, तेव्हा बांधकामे थंडावली आणि याच नवागतांचा रोजगार बुडाला.

तरीही निर्णायक कारण माझ्या मते राजकीय होते. राजा आणि प्रजा यांच्यामधले दुवे शहांनी एकेक करून स्वतःच तोडले. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसादेग यांना १९५३मध्ये उलथवल्यानंतर संसद नावापुरती उरली, आणि १९५७मध्ये स्थापन झालेल्या ‘सावाक’ या गुप्त पोलीस संघटनेची दहशत घरोघरी पोहोचली. १९७५मध्ये ‘रस्ताखीझ’ हा एकच पक्ष ठेवण्यात आला आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने देश सोडावा, असे शहांनी जाहीरपणे सुनावले. त्याच वर्षी महागाईचे खापर व्यापाऱ्यांवर फोडण्यात आले. पक्षाने नेमलेले तरुण तपासनीस दुकानोदुकानी फिरून भाव तपासू लागले आणि हजारो दुकानदारांना दंड किंवा तुरुंगवास झाला. पुढच्या वर्षी कालगणनाही बदलली : हिजरी सौर १३५५ हे वर्ष फर्मानाने २५३५ झाले, कारण वर्षे आता प्राचीन इराणच्या सायरस राजाच्या राज्यारोहणापासून मोजायची होती. विरोधी पक्ष नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, व्यापारी संघांना किंमत नाही, अशा स्थितीत तक्रार घेऊन जायला मशिदीखेरीज जागा उरली नाही.

प्रश्न : एका वर्तमानपत्रातील लेखामुळे क्रांतीची ठिणगी पडली, असे वाचले. हे खरे आहे का?

लेख खरा आहे. ७ जानेवारी १९७८ रोजी ‘इत्तेलाआत’ या दैनिकात, टोपणनावाने, शहांचे विरोधक असलेले धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी यांची निंदा करणारा मजकूर आला. खोमेनी १९६४पासून हद्दपार होते आणि इराकमधील नजफ येथे राहत होते. त्यांची भाषणे ध्वनिफितींवरून इराणमध्ये गुपचूप पोहोचत असत. लेखाच्या निषेधार्थ कोम शहरातील मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर आले, ९ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली.

यापुढे जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा भरते. सभाबंदी असलेल्या देशात ही सभा मात्र कोणत्याही सरकारला सहज थोपवता येत नव्हती. कोमच्या मृतांचा चाळिसावा १८ फेब्रुवारीला तब्रीझमध्ये पाळला गेला. मशिदीचे दार बंद केल्यावरून तेथे उठाव झाला आणि बँका, चित्रपटगृहे व रस्ताखीझची कचेरी जमावाच्या रोषाला बळी पडली. तब्रीझच्या मृतांच्या चाळिसाव्याला, मार्चअखेर, यझ्द पेटले. आणि मेमध्ये आणखी एक फेरी झाली. प्रत्येक गोळीबाराने पुढच्या मोर्चाची तारीख ठरत गेली. पत्रक छापावे लागत नव्हते.

उन्हाळ्यात हा क्रम मंदावला होता. पण १९ ऑगस्टला आबादानच्या रेक्स चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि दारे बंद असल्याने साडेतीनशेहून अधिक प्रेक्षक होरपळून मेले. पुढे या कटाचा माग इस्लामी कार्यकर्त्यांपर्यंत गेला. त्या वेळी मात्र बहुसंख्य लोकांनी सावाकलाच दोषी धरले. सरकारच्या शब्दावर कोणाचाही विश्वास उरला नव्हता, याचा इतका क्रूर पुरावा दुसरा नाही. ८ सप्टेंबरच्या पहाटे लष्करी कायदा जाहीर झाला, त्याची वार्ता अनेकांपर्यंत पोहोचण्याआधीच तेहरानच्या जाले चौकात सैन्याने गोळ्या झाडल्या. तेव्हा मृतांचा आकडा हजारोंत सांगितला गेला. क्रांतीनंतरच्या मोजदादीत तो शंभराच्या आत भरला. तडजोडीची आशा मात्र त्या शुक्रवारी संपली.

प्रश्न : चार लाखांचे सैन्य असताना शहा टिकले का नाहीत?

कारण मोर्चावर गोळी झाडता येते, संपावर झाडून उपयोग होत नाही. शरद ऋतूत तेल कामगारांनी काम थांबवले आणि दररोज ५० लाख पिंपांहून अधिक असलेले उत्पादन काही आठवड्यांत घसरून १५ लाखांच्या आसपास आले. वर्ष संपता संपता निर्यात बंद पडली. मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांनी परदेशी पैसा पाठवणाऱ्या बड्या मंडळींची यादीच फोडली. शिपाई बंदूक रोखून कामगाराला यंत्रापाशी उभा करू शकतो, पण तेलाची विहीर चालवू शकत नाही.

दुसरे असे की सैन्यातले बहुसंख्य जवान सक्तीच्या भरतीतले होते, मोर्चेकऱ्यांच्याच मोहल्ल्यांतले. डिसेंबरात मोहरम सुरू होताच लोक संचारबंदीत घरांच्या गच्चीवरून ‘अल्लाहू अकबर’च्या घोषणा देऊ लागले. लष्करी पंतप्रधान जनरल अझहारी यांनी या घोषणा म्हणजे ध्वनिफिती असल्याचे सांगितले, तेव्हा ध्वनिफितीला पाय नसतात, अशी घोषणा देत लोक मोर्चांतून चालू लागले. १० आणि ११ डिसेंबरला, तासुआ आणि अशुरा या मोहरमच्या नवव्या व दहाव्या दिवशी, देशभर लाखो लोक रस्त्यावर होते. त्याच अशुराला तेहरानच्या लाविझान छावणीत जवानांनी आपल्याच अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १६ जानेवारी १९७९ला शहा देशाबाहेर गेले, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. ९ फेब्रुवारीच्या रात्री हवाई दलाचे तंत्रज्ञ उठले, शस्त्रागारे खुली झाली आणि ११ तारखेला सेनापतींनी तटस्थता जाहीर केली.

प्रश्न : ही क्रांती पहिल्यापासूनच धर्मराज्यासाठी होती का?

नाही, आणि असे मानणे त्या मोर्चांतील अनेकांवर अन्याय करणारे आहे. मोसादेग यांच्या परंपरेतील राष्ट्रीय आघाडी, डावे पक्ष, लेखक, वकील, पडद्यातल्या व पडद्याबाहेरच्या स्त्रिया असे सारेच त्यात होते. त्यांना जोडणारी मागणी एकच होती : शहा नकोत. त्यांच्या जागी काय हवे, हा प्रश्न एकी टिकावी म्हणून पुढे ढकलला गेला आणि उत्तर देण्याची तयारी फक्त मशिदींच्या जाळ्याकडे होती. मार्च १९७९च्या अखेरीस झालेल्या सार्वमतात ‘इस्लामी प्रजासत्ताक, होय की नाही’ एवढाच पर्याय होता. ९८ टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ पडली. त्याआधीच, ८ मार्चला, सक्तीच्या पडद्याविरुद्ध तेहरानच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्या पाठीशी उभे राहायला बहुतेक पुरोगामी पक्ष कचरले. ही त्या पक्षांची मोठी चूक होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : हे सारे अमेरिकेने घडवून आणले, असे म्हणतात. आपले मत?

मोसादेग यांना उलथवणाऱ्या १९५३च्या उठावामागे अमेरिका आणि ब्रिटन होते, हे कागदपत्रांनी सिद्ध झाले आहे. १९७९बाबत पुरावा उलट दिशेचा आहे. ३१ डिसेंबर १९७७ला तेहरानमधील मेजवानीत अध्यक्ष कार्टर यांनी इराणला स्थैर्याचे बेट म्हटले, त्यानंतर नवव्या दिवशी कोममध्ये गोळीबार झाला. वर्षभरात वॉशिंग्टनमध्ये शहांनी कठोर व्हावे की सवलती द्याव्यात यावर एकमत होऊ शकले नाही, आणि गुप्तपणे कर्करोगावर उपचार घेणारे शहाही आज सवलत, उद्या लष्करी सरकार असे हेलकावत राहिले.