ऑफिसच्या इंट्रानेटवर, १२ जणांच्या टीमसाठी फुकटातलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कोणतं बसवावं?

सरळ रेडमाइन घ्या. २००६ पासून चालत आलेलं आहे. दिसायला जुनाट, पण कामं, गँट चार्ट (कोणतं काम कधीपासून कधीपर्यंत ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता), विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची माहितीची पानं), कोणी किती तास घातले याची नोंद, सगळं एकाच ठिकाणी मिळतं. एलडॅप, म्हणजे ऑफिसची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी यादी, जोडलंत की ऑफिसच्याच पासवर्डने लॉगिन होतं. नाहीतर रोज कुणीतरी पासवर्ड विसरून तुमच्या टेबलाशी उभा.

ओपनप्रोजेक्ट देखणं आहे, पण त्याला निदान ४ जीबी रॅम लागते आणि काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात. फक्त 'करायचं, चालू, झालं' असे तीन रकाने हवे असतील तर कॅनबोर्ड पुरे. पीएचपी ही भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, एवढ्यावर कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवरही पळतं. मात्र त्यात आता नवीन फारसं काही येत नाही.

बॅकअपचं आधी बघा. रेडमाइनमध्ये जोडलेल्या फायली डेटाबेसमध्ये नसतात, 'फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. आम्ही नुसता डेटाबेस जपला होता. डिस्क गेली तेव्हा कामांची यादी अख्खी परत आली, ड्रॉइंग्ज मात्र एकही नाही. आणि हो, बसवल्याबरोबर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. सुरुवातीला नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'च असतो.