नर्सिंग झालंय, आता डॉक्टर व्हायचंय

प्रश्न : बारावी कला शाखेतून केली, नंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. सध्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय २५. जीएनएमच्या आधारे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळवून देतो, असं एक एजंट म्हणतो. हे शक्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. जीएनएम असो वा बीएस्सी नर्सिंग, त्यावरून एमबीबीएसला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही; एका विषयाचीही सूट नाही. त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

दार एकच, नीट-यूजी ही प्रवेश परीक्षा. वयाची चिंता सोडा. कमाल वयोमर्यादा आता नाही. तुमची खरी अडचण बारावीची आहे. नीटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला कला शाखा चालते, त्यामुळे हा अडसर आजवर तुमच्या वाटेत आला नाही.

यातून मार्ग आहे. बारावीनंतर हे विषय अतिरिक्त म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेले उमेदवारही पात्र धरायचे, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. नोकरी सांभाळून करायचं तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सोयीची. तिथे फिजिक्स (३१२), केमिस्ट्री (३१३) आणि बायोलॉजी (३१४) एवढेच विषय घेता येतात. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून झाली हे तपासलं जातं. प्रात्यक्षिकांच्या तारखा कळल्या की ड्युटी चार्ट लागण्याआधी मेट्रनना लेखी कळवा. प्रात्यक्षिक बुडालं तर विषय अडकतो आणि वर्ष हातचं जातं.

नुसतं पास होऊन भागत नाही. तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण हवेत. एससी, एसटी, ओबीसींना ४० टक्के, म्हणजे १२०.

आता नीट. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. बायोलॉजीचे ९० प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ४५. नर्सिंग झालेल्यांची फसगत बायोलॉजीतच होते. शरीररचना, शरीरक्रिया येते म्हणून हा विषय आपलाच असं वाटतं. पण त्यातला जवळजवळ निम्मा भाग वनस्पतिशास्त्राचा असतो, आणि प्रश्न एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतल्या ओळींवर बेतलेले असतात, वॉर्डातल्या अनुभवावर नाही. किडनीचं काम तुम्ही रोज पाहता, तरी नेफ्रॉनचं प्रकरण एनसीईआरटीतूनच वाचा. फिजिक्सला मात्र सर्वांत जास्त वेळ द्या. कला शाखेतून आलेल्यांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं. आधी दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की करा, मगच अकरावीचं गतिशास्त्र उघडा.

माझ्या मते दोन वर्षं धरा : पहिलं बारावीच्या विषयांसाठी, दुसरं नीटसाठी. नोकरी सोडू नका, पण शक्य असेल तर कायम रात्रपाळीचा विभाग टाळा. नीट ‘क्वालिफाय’ झाली म्हणजे जागा मिळाली असं नाही. सरकारी जागेला त्याहून कितीतरी जास्त गुण लागतात. पुढे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा. ऐन कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत ते हातात नसल्याने हातची जागा गेलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावी सायन्स आहे. कॉलेज सोडून नीट रिपीट करते म्हणते. काय करावं? (एक पालक, सातारा)

उत्तर : पहिल्या वर्षात असती तर विचार करा म्हणालो असतो. तिसऱ्या वर्षी सोडू देऊ नका. पदवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात असली, तर नीटच्या तयारीचा खर्च ती स्वतः उचलू शकेल. शिवाय मध्येच सोडणाऱ्यांकडे काही कॉलेजं उरलेल्या वर्षांची फी मागतात आणि तोवर मूळ कागदपत्रं देत नाहीत. एमबीबीएस प्रवेशाला मात्र बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतोच. तेव्हा प्रवेशाच्या वेळी भरून दिलेलं हमीपत्र आधी काळजीपूर्वक वाचा. पदवीनंतर नीट देताना मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, तेवढंच.