पिस्तुलावर लेझर लावायचाय? आधी घरातलं बघून घ्या

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड आल्यावर टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला घर घेतलं, मागच्या महिन्यात पहिलं ९ एमएम पिस्तूल घेतलं, घरात ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा, नोव्हेंबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, आणि दुकानातला माणूस म्हणाला लेझर (पिस्तुलावर बसवायचा, समोर रंगीत ठिपका पाडणारा दिवा) लावा म्हणजे रात्री नेम चुकायचा नाही, तर लाल घेऊ की हिरवा. मी ह्यूस्टनजवळ केटीला २३ वर्षं राहतोय, कॉलेजात असताना सांगलीला एनसीसीत .२२ रायफल चालवली तेव्हापासून हा नाद आहे, आणि गेली बरीच वर्षं आपल्या ओळखीतल्या नवीन लोकांना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, घेऊन जातो. लेझरचं सांगतोच, पण सुरुवात तिथून करणार नाही, राग मानू नका.

पहिली गोष्ट, ते पिस्तूल आत्ता या क्षणी कुठे आहे? तुम्ही लिहिलंय "बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचत नाही". भाऊ, मुलांचा हात सगळीकडे पोचतो. आपण लहानपणी फडताळातला लाडवाचा डबा कसा काढायचो आठवतंय ना, खुर्चीवर स्टूल ठेवून. माझ्या चुलत आजोबांची बारा बोअर होती, उसात डुकरं शिरायची म्हणून लायसन्सची, ती लाकडी कपाटात आणि काडतुसं देवघराच्या खाली पत्र्याच्या डब्यात, आणि आम्हा सगळ्या पोरांना दोन्ही जागा पाठ होत्या. काही झालं नाही हे नशीब. नशिबावर आपली पोरं सोडायची नसतात.

टेक्सासमध्ये कायदापण आहे, निष्काळजीपणे ठेवलेली लोडेड गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर पीनल कोड ४६.१३ खाली गुन्हा होतो, आणि त्या मुलाने ती उडवून कुणाचा जीव गेला किंवा गंभीर जखम झाली तर तो क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे त्या प्रकारच्या गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग. पण कायद्यासाठी नाही, पोरांसाठी करा. पलंगाजवळ छोटी क्विक ॲक्सेस सेफ (पटकन उघडणारी तिजोरी) घ्या आणि ती भिंतीतल्या लाकडी खांबाला, म्हणजे स्टडला, किंवा जड फर्निचरला बोल्ट करा, नाहीतर चोर सेफसकट उचलून नेतो. मी बटणांची मेकॅनिकल सेफ वापरतो, बॅटरी नाही, बोटाचा ठसा नाही. ठशाच्या सेफ चांगल्या येतात पण ओला हात, कणकेचा हात, घामाचा हात, यांना कधीकधी उघडत नाहीत. कोड मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका, तो त्यांना माहीत असतो. चावी किचनच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि सेफ येईपर्यंत, म्हणजे आज रात्रीच, केबल लॉक (पिस्तुलातून ओवायची कुलपाची तार) घाला, दुकानातून बॉक्समध्ये आलं असेल, नसेल तर प्रोजेक्ट चाइल्डसेफ या गन-सुरक्षेच्या कार्यक्रमवाले पोलिस डिपार्टमेंटमार्फत फुकट देतात.

मुलांना काय सांगायचं? मी चारच गोष्टी शिकवल्या, कुठेही गन दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. तुमच्या घरात शिस्त असेल पण मुलगी मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला जाईल तिथे काय? मी फोन करून सरळ विचारायचो, घरात गन आहे का, लॉक केलेली आहे का. सुरुवातीला अवघड वाटतं. एकाही अमेरिकन पालकाने मला वाईट उत्तर दिलं नाही.

आता माझ्याच हातून झालेलं सांगतो. २००७ ची गोष्ट, रविवार, दुपारी पिस्तूल साफ करायला बसलो. माझ्या प्रकारच्या पिस्तुलात (ग्लॉकमध्येपण तसंच आहे) भाग वेगळे करण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. मी आधी स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढली, चेंबरमधली (नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेतली) गोळी बाहेर पडली, आणि मग मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढलं. क्रम उलटा झाला. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसली होती आणि मी मॅगझिन हातात धरून समजत होतो की आता रिकामं आहे. ट्रिगर दाबला. गोळी आमच्या बेडरूमची भिंत पार करून मुलीच्या खोलीतून तिच्या पलंगाच्या उंचीवरून गेली आणि बाहेरच्या भिंतीच्या विटेत अडकली. मुलगी तेव्हा खाली आईबरोबर पोळ्या लाटत होती. ते भोक मी लगेच बुजवलं नाही, बरेच महिने तसंच ठेवलं, रोज दिसावं म्हणून.

त्यामुळे क्रम पाठ करा, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड दोन-तीन वेळा ओढून मागे लॉक, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि अंधार असेल तर करंगळी घालून बघा, मग गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. हे सगळं करताना नळी कुठे आहे? मी गॅरेजमध्ये वाळूने भरलेली पाच गॅलनची बादली ठेवलीय, नळी तिच्याकडेच. इकडच्या घरांची भिंत म्हणजे आपल्याकडची वीट-सिमेंटची भिंत नाही, अर्ध्या इंचाचे दोन शीटरॉक (जिप्समचे बोर्ड) आणि मध्ये पोकळी, ९ एमएमची गोळी अशा कितीतरी भिंती पार करते. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी शिक्षकाचे चार नियम तुम्हाला क्लासमध्ये सांगितले असतील (क्लास केला नसेल तर लेझरचे पैसे आधी तिथे घाला): प्रत्येक गन लोडेड समजा, जे उडवायचं नाही त्याच्यावर नळी धरू नका, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि टार्गेट काय आहे व त्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. घरात राहणाऱ्यांसाठी यातला शेवटचा सगळ्यात अवघड, आणि तुमच्या लेझरचा प्रश्न इथेच येतो.

लेझर काय दाखवतो? नळी कुठे बघतेय एवढंच. समोर कोण आहे ते दाखवत नाही. तुमचे सासरे येणार, पहिला आठवडा जेटलॅग, पहाटे तीनला उठून अंधारातच चहा टाकायला किचनमध्ये जाणार, हे मी माझ्या वडिलांचं बघितलंय, दिवा लावला तर पोरं उठतील म्हणून लावायचे नाहीत. तुम्हाला खाली खुडबुड ऐकू येणार. अशा वेळी अंधारात एका आकृतीच्या छातीवर हिरवा ठिपका, याच्याइतकं भयंकर चित्र मला सुचत नाही. म्हणून लेझरच्या आधी टॉर्च, हातात धरायचा वेगळा टॉर्च, कारण पिस्तुलावरच्या टॉर्चने माणूस ओळखायचा म्हणजे त्याच्यावर नळी रोखावी लागते. त्याच्याही आधी जिन्यात आणि किचनमध्ये सेन्सरचे छोटे नाइट लॅम्प लावा, वीस-पंचवीस डॉलरचं काम. आणि आवाज आला तर आधी हाक मारा, घरातले सगळे एका खोलीत घ्या, दार लावा, ९११ ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन लावा आणि तिथेच थांबा. घर शोधत फिरायचं नाही, ते पोलिसांचं काम. हे वहिनींबरोबर आणि सासू-सासऱ्यांबरोबरपण बोलून ठेवा, त्यांना सांगा रात्री उठलात तर दिवा लावा, पोरं उठली तर उठू देत.

आता नेमाचं. घरातलं सगळ्यात लांब अंतर मोजा, बहुतेक घरांत वीस-पंचवीस फूट भरतं. एवढ्या अंतरावर नेम चुकतो तो ठिपका नसल्यामुळे नाही, ट्रिगर हिसक्याने ओढल्यामुळे चुकतो, आणि लेझर तो हिसका थांबवत नाही. उलट नवीन माणसाला भिंतीवर ठिपका थरथरताना दिसतो, मग तो ठिपका मधोमध येईल त्या क्षणी झटकन दाबायला जातो आणि उजव्या हाताने चालवणाऱ्याची गोळी खाली डावीकडे. शिवाय अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, ठिपका कुठे गेला ते शोधण्यात वेळ जातो, पिस्तूल मुळात नीट समोर आलेलं नसेल तर तो दिसतच नाही. लेझर नळीच्या खाली इंच-दीड इंचावर बसतो, त्यामुळे झीरो न करता, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी येतील असं जुळवून न घेता, नुसता बसवला तर गोळी आणि ठिपका एकत्र येतीलच असं नाही, रेंजवर जाऊन तुमच्याच गोळ्यांनी, १० ते १५ यार्डावर झीरो करून घ्यावा लागतो. आणि रेड डॉट वेगळा, त्याची गल्लत करू नका, तो स्लाइडवरच्या काचेत दिसतो, समोरच्यावर पडत नाही.

मग लेझर निरुपयोगी का? अजिबात नाही. माझं वय ५१, चाळिशीनंतर पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) डोळ्यांना धूसर दिसायला लागली, रात्री चष्मा काढून झोपतो, अशा माणसाला दोन्ही डोळे समोर ठेवून ठिपका बघणं खरंच सोपं जातं. छोट्या रिव्हॉल्व्हरवर साइट नावालाच असते, तिथे ग्रिपमधला लेझर, मूठ आवळली की लागणारा, उत्तम. हात दुखावलेला असेल, पिस्तूल डोळ्यांसमोर आणताच येत नसेल, तेव्हाही.

पण माझ्या मते लेझरचा खरा उपयोग शिकण्यासाठी आहे. रिकामं पिस्तूल, वर सांगितलेल्या क्रमाने तपासलेलं, खोलीत एकही गोळी नाही, समोर पुस्तकांचं भरलेलं कपाट, ज्याच्या मागे बाहेरची वीट आहे. लेझर चालू करा आणि हळूहळू ट्रिगर दाबा. क्लिक होताना ठिपका कुठे उडी मारतो बघा. पहिल्या दिवशी तो वीतभर हलेल. रोज दहा मिनिटं, महिनाभर, आणि मग तो जागचा हलेनासा होतो, हे मी जवळजवळ प्रत्येक नवीन माणसात बघितलंय. दुसरं म्हणजे ठिपका चालू ठेवून पिस्तूल सेफमधून काढा, मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, आणि ठिपका कुठेकुठे फिरतो ते वहिनींना बघायला सांगा. स्वतःच्या डाव्या हातावर, गुडघ्यावर, शेजारच्या खोलीच्या भिंतीवर. एका मित्राने हे केलं आणि स्लाइड ओढताना दर वेळी ठिपका त्याच्या डाव्या तळहातावरून जायचा, चार वर्षं गन होती त्याच्याकडे, कधी कळलंच नव्हतं. त्या दिवसानंतर त्याचा हात बदलला.

मुलांसमोर मात्र लेझर कधीही नाही. आमच्याकडे खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा असते, रिकामं, स्लाइड मागे लॉक, हळदकुंकू खालच्या पाटाला, कारण कुंकू यंत्रात गेलं तर चिकटून बसतं. एका वर्षी एका पाहुण्याने उचललं आणि लेझर लावून भिंतीवर फिरवायला लागला, दोन मिनिटांत चार पोरं ठिपक्यामागे धावतायत आणि सगळे कौतुकाने बघतायत. रिकामं होतं. तरी मी ओरडलो, सणाचा दिवस असून ओरडलो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्या दोन मिनिटांत पोरांना कळलं होतं की हे खेळणं आहे. त्यानंतर पूजेला लेझर काढून ठेवतो आणि आरती झाली की पिस्तूल परत सेफमध्ये. हिरवा लेझर मागच्या अंगणात आकाशाकडेपण धरू देऊ नका, तुमच्या इथून विमानं सतत जातात, विमानावर लेझर मारणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाही. तुमचा जो मित्र एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे आणि "मलापण घ्यायचंय" म्हणतोय, त्याला सांगा फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर गन किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद सोडून, आधी वकिलाला विचार. रेंजची बॅग आणि इंडियाला न्यायची बॅग कायम वेगळी, एक सुटी गोळी खिशात राहिली आणि मुंबई एअरपोर्टवर सापडली तर तिथे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, लायसन्सशिवाय एक काडतूससुद्धा गुन्हा. रेंजवरून आलात की अंगावर आलेले गोळ्यांच्या शिशाचे कण जावेत म्हणून थंड पाण्याने साबण लावून हात-तोंड धुवा आणि कपडे बदला, मग मुलाला उचला.

आणि हे नीट वाचा. २०२१ मध्ये अमेरिकेत गनने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. आपण गन घेताना चोराचा विचार करतो, पण घरातल्या माणसाचा एखादा वाईट महिना येतो, लेऑफ, घटस्फोट, टीनएजर पोराचं काहीतरी जे तो सांगत नाही. असं काही वाटलं तर त्या दिवशी सेफचा कोड बदला किंवा पिस्तूल काही महिन्यांसाठी घराबाहेर ठेवा, बऱ्याच रेंज आणि दुकानं ठेवून घेतात, विचारून बघा. ९८८ या आत्महत्या-संकट हेल्पलाइनवर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. यात लाज नाही.

तर तुमचा मूळ प्रश्न. हिरवा घ्या. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात जास्त जाणवतो, टेक्सासच्या उन्हात लाल ठिपका दहा-पंधरा फुटांवरपण पुसट होतो. हिरव्याला बॅटरी थोडी जास्त लागते, मी पाडव्याला आणि खंडेनवमीला न चुकता बदलतो. लेझर लावल्यावर जुन्या होल्स्टरमध्ये (कमरेला लावायच्या म्यानात) पिस्तूल बहुतेक बसणार नाही, तेवढा खर्च धरा. पण सेफ, टॉर्च आणि क्लास झाल्यावर, म्हणजे जानेवारीच्या आसपास घ्या, तोपर्यंत पैसे रेंजवरच्या गोळ्यांवर घाला. डिसेंबरात मी डॅलसला भाचीकडे येतोय, माझं लेझरवालं पिस्तूल आणतो, एक सकाळ रेंजवर जाऊ, वहिनींनापण घेऊन या, सेफचा कोड त्यांनाही माहीत असणार तर शिकायचं त्यांनीही.