अमूर्त चित्र टाइलवर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

सार्वजनिक जागेसाठी हाताने रंगवून भट्टीत भाजलेल्या टाइलच्या भित्तिचित्रांबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: जुळे सोलापुरातील आमच्या उद्यानात 12 बाय 6 फुटांचे अमूर्त भित्तिचित्र करायचे आहे. मूळ चित्र 36 बाय 18 इंची कॅनव्हासवर, ॲक्रिलिकमध्ये आहे. टाइल किती लागतील? चित्र मोठे कसे करायचे?

उत्तर: दोन्हीकडे 2:1 हे प्रमाण आहे, त्यामुळे मोठी अडचण टळली. प्रमाण जुळत नसेल तर चित्र ताणू नका, चौकट बदला. 200 बाय 200 मिलिमीटरच्या टाइल आडव्या 18 आणि उभ्या 9, म्हणजे 162 लागतील. 2 मिमीचे सांधे धरून चित्र 3634 बाय 1816 मिमी भरते. 12 फूट म्हणजे 3658 मिमी. दोन्ही बाजूंना साधारण 12 मिमी जागा उरते, ती कडेच्या लवचीक सांध्याला हवीच असते. वर 20 टाइल जास्तीच्या घ्या आणि खोक्यांवरचा बॅच नंबर व शेड नंबर एकच आहे हे दुकानातच पाहा. मोरबीहून आलेल्या एकाच कंपनीच्या दोन बॅचमधल्या पांढऱ्यातही फरक असू शकतो. चित्रात जिथे जागा कोरी सोडलेली असते तिथे तो लगेच डोळ्यांत भरतो.

आता चित्र. 36 इंचांत 18 टाइल, म्हणजे कॅनव्हासवरचा प्रत्येक 2 इंची चौकोन ही भिंतीवरची एक टाइल. कॅनव्हासवर पारदर्शक प्लास्टिक पसरून त्यावर 2 इंची चौकटी आखा. रांगेला अक्षर, उभ्या ओळीला आकडा द्या आणि तोच क्रमांक टाइलच्या पाठीवर लिहा. मार्करने लिहिले तर भट्टीत जळून जाते आणि 162 टाइलचे कोडे हाती उरते. अंडरग्लेझ पेन्सिल (भट्टीतही न जळणारी) किंवा पाण्यात कालवलेला लोहाचा ऑक्साइड वापरा.

बाहेरच्या रेषा छापून आत रंग भरू नका, ही आमची आग्रहाची विनंती. अमूर्त चित्राचा जीव फटकाऱ्याच्या वेगात असतो. कॅनव्हासवरचा 1 इंची फटकारा भिंतीवर 4 इंची होतो. तो अर्ध्या इंची कुंचल्याने भरत बसलात तर रंगाचा नुसता पट्टा उरतो. 4 इंची चपटा ब्रश घ्या, रंग थोडा घट्ट ठेवा आणि चार-पाच टाइलवरून एका दमात ओढा. त्यासाठी टाइल 2 मिमीचे स्पेसर घालून तिरक्या फळीवर मांडलेल्या असाव्यात. स्पेसर न घालता रंगवले तर भिंतीवर सांधा आल्यावर तिरक्या रेषा प्रत्येक टाइलला किंचित सरकतात. मोठ्या चित्रात ती मोड सहज दिसते. फटकारा सुकला की प्रत्येक टाइलच्या कडेला जमलेला रंग पुसून घ्या, नाहीतर टाइल भट्टीतल्या रॅकला चिकटते.

प्रश्न: (अक्कलकोटच्या कलाशिक्षिकांकडून) तयार पांढऱ्या टाइलवर ऑनग्लेझ रंगांनी काम केले. सगळ्या टाइल एकदमच भाजल्या. लाल काळपट झाला, गुलाबी विटकरी झाला आणि जाड लावलेला रंग पोपड्यांसारखा सुटला. चूक रंगांची की भट्टीची?

उत्तर: दोन्हींची नाही, क्रमाची. ऑनग्लेझ रंग झिलईवर बसतो आणि 750 ते 850 अंश सेल्सिअसला तिच्यात रुततो. पण या पट्ट्यात प्रत्येक रंगाची जागा वेगळी आहे. गुलाबी आणि जांभळ्या रंगांत सोने असते. त्यांना पुरेशी आच मिळाली नाही तर ते विटकरी राहतात, फार मिळाली तर निळसर होतात. लाल आणि केशरी बहुधा कॅडमियम-सेलेनियमचे असतात आणि जास्त आचेला करपतात. तुमच्या भट्टीत एकाच वेळी गुलाबीला आच कमी पडली आणि लालला जास्त झाली. म्हणून दोनदा भाजा: आधी निळा, हिरवा, काळा, गुलाबी, जांभळा 800 ते 820 अंशांना, मग लाल-केशरी लावून 760 ते 780 अंशांना. रंगाच्या पाकिटावर वेगळे तापमान दिले असेल तर तेच प्रमाण माना. कॅडमियमचा लाल दुसऱ्या जातीच्या रंगात मिसळू नका. लाल आणि निळा कालवून जांभळा मिळवण्याची कॅनव्हासवरची सवय इथे सोडावी लागते. जांभळा जांभळ्याच्याच बाटलीतून घ्या. लालसाठी कुंचलाही वेगळा ठेवा.

पोपडे आले ते जाडीमुळे. थंड होताना जाड थर आणि खालची झिलई सारखे आकसत नाहीत. गडद रंग हवा असेल तर पातळ थर लावून भाजा आणि पुन्हा लावा. कॅनव्हासवरची रंगाची जाडी ऑनग्लेझने येत नाही. ती हवीच असेल तर टाइल स्वतः थापून, माती ओलसर असतानाच उठाव करावा लागतो.

भाजताना 500 अंशांपर्यंत ताशी 100 ते 150 अंश या गतीने चढवा. तोवर भट्टीचे भोक उघडे ठेवा, कारण रंग कालवायच्या माध्यमातले तेल जळून धूर बाहेर जायला हवा. तो आत कोंडला की लाल आधी बिघडतो. ठरल्या तापमानाला 10 ते 15 मिनिटे थांबा. 573 अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्जचे आकारमान बदलते, म्हणून उतरतानाही घाई नको. 100 अंशांखाली आल्याशिवाय दार उघडले तर टाइल तडकते.

आधी प्रत्येक रंगाचा नमुना त्याच बॅचच्या टाइलवर तीन तापमानांना भाजून पाहा. नमुने वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात ठेवा, सोबत कोन (ठरावीक आचेला वाकणारे मातीचे छोटे सुळके) लावा. बऱ्याच भट्ट्यांत वर-खाली 10-20 अंशांचा फरक निघतो. भट्टीत एका वेळी 24 टाइल बसत असतील तर 162 टाइलच्या सात खेपा होतात. एकाच सपाट रंगाच्या शेजारशेजारच्या टाइल एकाच खेपेत घाला. काही ऑनग्लेझ रंगांत शिसे असते, तेव्हा पूड कालवताना मास्क लावा आणि शाळेत हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

प्रश्न: रस्त्यालगतची कंपाउंड भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिच्यावर टाइल टिकतील का?

उत्तर: रंग उन्हाने उडणार नाहीत. भाजलेल्या खनिज रंगाला ऊन बाधत नाही. काळजी भिंतीची करा. सोलापुरातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाची कंपाउंड भिंत तिच्याबरोबर हलते आणि तिला पडलेला तिरका तडा चित्रातूनही जातो. जुन्या भिंतीवर असा तडा असेल तर बुजवून त्यावर काम करू नका. गंज न लागणाऱ्या चौकटीवर सिमेंट बोर्ड बसवा आणि टाइल बोर्डावर लावा. चौकट भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. आमच्या मते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हाच मार्ग बरा. उद्या भिंत पाडायची वेळ आली तरी चित्र उचलून नेता येते.

टाइल निवडताना आयएस 15622 या भारतीय मानकाप्रमाणे पाणी शोषण्याचा आकडा विचारा. घरातल्या भिंतीच्या साध्या टाइल 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषतात. त्यांचे अंग ओलाव्याने हळूहळू फुगते आणि झिलईवर केसासारख्या भेगांचे जाळे येते. बाहेर 0.5 टक्क्यांपर्यंत शोषणारी झिलईदार व्हिट्रिफाइड टाइल घ्या. तिला भाजताना आणखी सावकाश तापवा.

गिलावा नवा असेल तर 28 दिवस थांबा, ओळंबा लावून पाहा. टाइलचा चिकटवा आयएस 15477 चा, पॉलिमर असलेला, बाहेरच्या भिंतीला चालणारा हवा. गवंडी पाच ठिकाणी गोळे लावून टाइल दाबतात. मागे पोकळी राहते, पाणी साचते, टाइल सुटते. दातेरी थापीने भिंतीवर आणि पातळ थर टाइलच्या पाठीवर, असा दोन्हीकडे चिकटवा लावा. दुसऱ्या दिवशी टिचकी मारून पाहा, पोकळ वाजली तर काढून पुन्हा बसवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर चिकटव्याला काही मिनिटांतच साय धरते आणि तो टाइलला पकडत नाही. हिरवे जाळीचे कापड बांधून सकाळीच काम करा, किंवा सरळ नोव्हेंबरपर्यंत थांबा. भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेली कोपिंग घाला. वरून पाणी मागे उतरले की सांध्यांतून लोणा फुटतो. सांध्यांचा रंग मधला राखाडी ठेवा. पांढरे सांधे गडद चित्रावर जाळी टाकतात.

प्रश्न: एम. एफ. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. त्यांच्या एखाद्या चित्रावरून चौकात भित्तिचित्र करता येईल का? मूळ चित्र एका संग्राहकाकडे आहे, त्यांची हरकत नाही.

उत्तर: संग्राहकाची संमती पुरेशी नाही. चित्र विकत घेतल्याने कॉपीराइट येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. हुसेन 2011 मध्ये गेले, म्हणजे 2071 अखेरपर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी लागेल. जिवंत स्थानिक चित्रकाराचे चित्र घेत असाल तर करारात रंग बदलण्याची, आकार कापण्याची मुभा आणि पुढे भित्तिचित्र हलवण्याची अट लिहून घ्या. कलम 57 खाली कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकार दाद मागू शकतो. विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये निकाल दिला होता.

प्रश्न: टाइल बसल्या. सिमेंटचे डाग ॲसिडने धुऊन देतो, असे गवंडी म्हणतात. धुऊ द्यावे का?

उत्तर: मुळीच नाही. ऑनग्लेझ रंग मंद आचेला बसलेले असतात आणि ॲसिड त्यांची चमक खाते. लाल-केशरी सगळ्यात आधी निस्तेज पडतात. सांधे भरल्यावर 15-20 मिनिटांत ओल्या स्पंजने पुसा, पाणी वारंवार बदला. वाळलेला डाग असेल तर ओल्या लाकडी पट्टीने खरवडा, तारेचा ब्रश लावू नका. बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्या आणि कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या, नाहीतर वाळताना पांढरे ओघळ उमटतात. कामाच्या आदेशातच "ॲसिड वापरू नये" ही ओळ घाला आणि पुढे सफाई करणाऱ्यांनाही तशी लेखी सूचना द्या.