तास किती यापेक्षा टॅबलेट बंद कसा होतो ते बघा

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी तीनची. टॅबलेटवर रोज एक तासाची मर्यादा लावलीय, पण तास संपला की रडारड आणि आदळआपट होते, आणि शेवटी वैतागून तुम्हीच अर्धा तास वाढवून देता. आता तो सरळ कपाटात कुलूपबंद करावा का, हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर एवढ्यात कुलूप नको. मुलगा एका तासावरून भांडत नाहीये, तो थांबण्याच्या क्षणावरून भांडतोय, आणि त्यात तुम्हाला बरंच काही करता येईल.

आधी दोन-तीन दिवस शेजारी बसून बघा, टॅबलेट बंद होतो तेव्हा तो नेमकं काय करत असतो. ऑनलाइन गेममध्ये बऱ्याचदा टीम असते. फॅमिली लिंकने (मुलांच्या टॅबलेटवर पालकांनी मर्यादा लावायचं गूगलचं ॲप) ठरवलेला वेळ संपला की डाव ऐन रंगात असतानाही टॅबलेट लॉक होतो. आपल्या लेखी फक्त वेळ संपलेला असतो. त्याच्या लेखी तो मित्रांना अर्ध्यावर टाकून गेलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी हरल्याचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. आमच्या मोठ्याचं हेच होत होतं. मग आम्ही मिनिटांऐवजी डाव मोजायला लागलो. शेवटचा डाव सुरू झाला की मी हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसायचे. "हा कोण? तो कुठे लपलाय?" एवढं विचारलं की तो भरभरून सांगायला लागायचा. बोलता बोलता डाव संपायचा आणि टॅबलेट तोच बाजूला ठेवायचा. रोज नाही, पण बहुतेक वेळा. लॉक काढून टाकू नका, फक्त थोडा उशिराचा ठेवा. एखादा डाव लांबलाच तर फॅमिली लिंकमध्ये तेवढ्या दिवसापुरता जादा वेळ आपल्या फोनवरून देता येतो.

मात्र रडल्यावर वाढवून देणं आजपासून बंद. जास्त वेळ द्यायचाच असेल तर आधी सांगून द्या, रडणं सुरू झाल्यावर मुळीच नाही. आणि यात तुमचं दोघांचं एकमत हवं. आई नाही म्हणते आणि बाबा देतात, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं.

व्हिडिओंना डावासारखा शेवट नसतो, तो आपल्याला तयार करावा लागतो. यूट्यूबच्या प्लेअरवरच ऑटोप्लेचं बटण असतं, ते बंद करा. नेटफ्लिक्सवर पुढचा भाग आपोआप सुरू होणं प्रत्येक प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येतं. मग 'दोन भाग' म्हणजे खरोखर दोनच भाग होतात. शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे छोटे व्हिडिओ, मी या वयात देणारच नाही. एकानंतर दुसरा येतच राहतो, मुलाने थांबायचं तरी कुठे? समोर नको ते व्हिडिओ यायला लागले तर त्याला रागावण्याआधी हिस्टरी पुसा. पुढे काय सुचवायचं ते बऱ्याच अंशी तिथूनच ठरतं.

धाकटीचं गणित वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. त्या तासातही कोणीतरी सोबत बसून बोललं पाहिजे. दादा खेळत असताना ती तिथेच बसून बघत असेल तर तोही वेळ धरा. जेवताना मात्र काहीही लावू नका. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलांना पोट भरल्याचं भान राहत नाही.

नऊ वर्षांच्या मुलासाठी असा नेमका आकडा मिळणार नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 मध्ये सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठरावीक तास सांगितले नाहीत. घरात सातत्याने पाळली जाणारी मर्यादा असावी आणि झोप, खेळ, अभ्यास यांवर गदा येऊ नये, असं म्हटलं. यात मी सगळ्यात आधी झोप बघेन. रात्री घरातले सगळे फोन आणि टॅबलेट झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. तुमचेही. गजराला साधं घड्याळ आणा.

आणखी एक, कारण मला याची खरंच काळजी वाटते. काही भीतीदायक किंवा घाणेरडं दिसलं आणि त्याने येऊन सांगितलं, तर शिक्षा म्हणून टॅबलेट काढून घेऊ नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि तेव्हा कदाचित एखादी अनोळखी व्यक्ती त्याला मेसेज करत असेल. हे त्याला आजच शांतपणे सांगून ठेवा.

तो कोणता गेम खेळतो ते इथे लिहा. काहींत डाव पाच मिनिटांत संपतो, काहींत अर्धा तास चालतो. एक डाव ठरवायचा की तीन, ते त्यावरून सांगता येईल.